कुंपणाआतली माणसे

इ. स. 1084 मध्ये जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठच्या श्पायर गावाचे बिशप रुडिगर हूझमान यांनी ज्यूंना एक सनद दिली. आपल्याला या खेड्याचे शहर करायचे आहे आणि ज्यूंना इथे आणून वसवले तर या स्थळाचा मान हजार पटींनी वाढेल, असे त्यांनी तीत अगदी मोकळेपणाने लिहिले आहे. शेजारच्या माइन्त्स शहरात आग लागली होती, तिथले काही ज्यू नवी जागा शोधत होते आणि बिशपांना व्यापार जाणणारी माणसे हवी होती. दोघांचीही गरज उघड होती, त्यामुळे सनदेत आडपडदा फारसा नाही.

ज्यूंना सोन्याचांदीची देवघेव करण्याची, नदीच्या धक्क्यापासून साऱ्या गावात खरेदी-विक्री करण्याची, आपले तंटे आपल्याच प्रमुखापुढे आपल्याच कायद्याने सोडवण्याची मुभा या सनदेने दिली. चर्चच्या मालकीची जमीन त्यांना दफनभूमीसाठी मिळाली. ख्रिस्ती दाया आणि नोकर ठेवण्यास हरकत नव्हती. त्यांच्या धर्मनियमात न बसणारे मांस ख्रिस्ती गिऱ्हाइकांना विकता येईल, इतका बारीक तपशीलही बिशप विसरले नाहीत. मोबदल्यात वर्षाला साडेतीन पौंड श्पायरची नाणी मठाच्या बंधूंसाठी भरायची होती. शेवटची गोष्ट भिंतीची. जमावाच्या उद्दामपणाचा त्रास ज्यूंना सहजी होऊ नये म्हणून त्यांची वस्ती इतरांपासून वेगळी ठेवून तिच्याभोवती भिंत घातली असल्याचे बिशप सांगतात.

त्या भिंतीपाशी मी दर वेळी अडखळतो. ज्यूंच्या छळाची माझी कल्पना, माझ्या पिढीतल्या बहुतेक मराठी वाचकांप्रमाणे, हिटलरपासून सुरू होऊन हिटलरपाशीच संपत असे. कोकणातल्या अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात वाढलेल्याला तर ज्यू म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, किहीमकर, पेणकर अशा आडनावांची, मराठी बोलणारी बेने इस्रायली माणसे. त्यांच्याभोवती कुणी भिंत घातली नव्हती आणि त्यांना राहू द्यावे म्हणून कुणी सनदही काढली नव्हती. म्हणूनच असेल, मध्ययुगीन युरोपच्या इतिहासात मारणाऱ्यांपेक्षा राखणाऱ्यांकडे माझे लक्ष अधिक गेले. त्या काळात ज्यूंना अभय देणारे राजे, बिशप, पोप आणि नगरसभा पुष्कळ होत्या. तरीही पुढे जे घडले ते घडले आणि त्यातले बरेचसे त्या अभयाच्याच वाटेने आले, असे मला दिसते.

आधी त्या वस्तीतल्या जगण्याबद्दल सांगायला हवे, कारण नुसत्या कत्तलींच्या तारखा मांडल्या की मेलेली माणसे जणू मरण्यासाठीच जन्माला आली होती असे वाटू लागते. श्पायर, वर्म्स आणि माइन्त्स या तीन शहरांतले ज्यू एका मोठ्या कुटुंबासारखे बांधलेले होते. माइन्त्सचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, गेर्शोम 1028 च्या सुमारास वारले. त्यांच्या नावावर नोंदले गेलेले नियम आजही आश्चर्य वाटावे असे आहेत: पुरुषाने एकापेक्षा अधिक बायका करू नयेत, पत्नीच्या संमतीशिवाय तिला घटस्फोट देऊ नये आणि दुसऱ्याचे पत्र उघडून वाचू नये. ज्यांचा सारा व्यापार एकमेकांच्या हाती दिलेल्या पत्रांवर चालत होता, त्यांना हा शेवटचा नियम किती जिव्हाळ्याचा वाटला असेल! वर्म्सचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, 1034 मध्ये उभे राहिले. फ्रान्समधल्या ट्रॉय गावचा एक तरुण माइन्त्स आणि वर्म्सच्या पाठशाळांत शिकून गेला आणि पुढे राशी या नावाने तालमूद या ज्यूंच्या धर्मकायद्याच्या ग्रंथाचा सर्वांत मोठा भाष्यकार ठरला. अवघड हिब्रू शब्द समजावताना तो हिब्रू लिपीतच सरळ फ्रेंच शब्द लिहून देतो. घरात आणि बाजारात ही माणसे शेजाऱ्यांचीच भाषा बोलत होती. श्पायरला बाराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला शुद्धिस्नानाचा हौद अजून आहे. जमिनीखाली सुमारे दहा मीटर खोल उतरणाऱ्या त्याच्या जिन्याची घडण पाहिली की ही शेजारच्या कॅथीड्रलच्या कसबी हातांचीच करामत असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही.

बिशपांच्या सनदेला सम्राट चौथा हेन्री याने 1090 मध्ये दुजोरा दिला आणि वर्म्सच्या ज्यूंनाही तसेच हक्क दिले. ज्यूंच्या मुलांचा बळजबरीने बाप्तिस्मा करणाऱ्याला जबर दंड होता. तापलेल्या लोखंडाचे किंवा पाण्याचे दिव्य करायला ज्यूंना भाग पाडायचे नाही, असेही ठरले. यानंतर सहाच वर्षांनी पहिल्या क्रूसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, टोळ्या ऱ्हाइनच्या काठाने आल्या.

पोप दुसरा अर्बन याने नोव्हेंबर 1095 मध्ये क्लेरमाँ येथे जेरुसलेम सोडवण्याची हाक दिली, तेव्हा तिच्यात ज्यूंचा उल्लेखही नव्हता. परंतु ख्रिस्ताच्या शत्रूंशी लढायला हजारो कोसांवर जायचे आणि ख्रिस्ताला ज्यांनी मारले असे चर्चमध्ये ऐकत आलो ते मात्र दारातच नांदतात, हा हिशेब वाटेवरच्या सरदारांना आणि जमावाला फार लवकर सुचला. 3 मे 1096 रोजी श्पायरला अकरा ज्यू मारले गेले. तिथला बिशप योहान याने उरलेल्यांना आपल्या आश्रयाला घेतले आणि हल्लेखोरांपैकी काहींचे हात तोडले. वर्म्सला दोन हल्ल्यांत मिळून आठशेच्या आसपास माणसे गेली. त्यातला दुसरा हल्ला बिशपाच्या वाड्यात आसरा घेतलेल्यांवर झाला. माइन्त्सच्या ज्यूंनी आर्चबिशप रुटहार्टला पैसे दिले आणि टोळीचा म्होरक्या काउंट एमिखो यालाही सात पौंड सोने पाठवून पाहिले. 27 मे रोजी शहरातल्याच लोकांनी वेस उघडली, आर्चबिशप आणि त्याची माणसे पळाली आणि त्याच्या वाड्याच्या चौकात जमलेले ज्यू सापडले. तिथे किती मेले याबद्दल इतिवृत्तांत सातशे ते अकराशे असे वेगवेगळे आकडे आहेत. तीन शहरे, एकच महिना, आणि फरक पडला तो एका बिशपाने हात उगारला आणि दुसऱ्याने पाय काढला यामुळे.

या घटनांचे हिब्रूतले वर्णन काही दशकांनी लिहिले गेले. त्यातल्या प्रत्येक संवादाला साक्षीदार असेल असे मी म्हणणार नाही, परंतु माइन्त्सच्या राहेलची हकीकत वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते हे खरे. बाप्तिस्मा की मरण असा पेच पडल्यावर अनेकांनी स्वतःच्या हाताने मुलाबाळांना आणि मग स्वतःला मारले. देवाच्या नावासाठीचे बलिदान असे त्याला त्यांच्या परंपरेत म्हणतात. राहेलला चार मुले होती. शत्रूच्या हाती जिवंत सापडून ती परक्या धर्मात वाढू नयेत म्हणून तिने त्यांना मारायचे ठरवले. भावाला मेलेला पाहून आरोन ओरडला, आई, मला मारू नकोस, आणि एका पेटीखाली जाऊन लपला. तिने त्याला पाय धरून बाहेर ओढले. मग चारही मुलांना आपल्या झग्याच्या रुंद बाह्यांखाली, दोन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला, घेऊन ती बसली. दार फोडून आत शिरलेल्यांनी तिला विचारले की बाह्यांखाली कोणता पैसा दडवला आहेस, तो दाखव. तिने मुले दाखवली आणि त्यांनी तिला ठार केले.

इतिवृत्तकाराला या आईत देवासाठी मुलाचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहमचे तेज दिसले. मला तो पैशाचा प्रश्न सोडत नाही. धर्मासाठी निघालेल्या माणसांना त्या खोलीत पहिल्यांदा दिसला तो दडवलेला पैसा. पुढच्या अडीचशे वर्षांत हेच पुन्हा पुन्हा दिसते.

सम्राट हेन्री त्या वेळी इटलीत होता. परतल्यावर, 1097 मध्ये, बळजबरीने बाप्तिस्मा झालेल्यांना आपल्या धर्मात परत जाण्याची त्याने परवानगी दिली आणि त्याबद्दल अर्बनविरुद्ध त्याच्याच बाजूने उभ्या असलेल्या पोपचा, तिसऱ्या क्लेमेंटचा, रोष पत्करला. 1103 मध्ये माइन्त्सला जाहीर झालेल्या शांततेच्या करारात पाद्री, स्त्रिया आणि व्यापारी यांच्याबरोबर ज्यूंनाही अभय मिळाले. वरवर पाहता याहून चांगले काय असणार? पण ज्याच्या अंगाला हात लावायचा नाही त्याने स्वतः शस्त्र धरायचे कारण काय, हा पुढचा विचार त्या करारातच दडलेला होता. 1201 मध्ये वर्म्सचे ज्यू शहराच्या रक्षणासाठी तटावर हत्यारानिशी उभे होते. त्याच शतकातल्या जर्मन कायदेसंग्रहांत मात्र, राजाच्या शांततेखाली असलेल्या ज्यूने शस्त्र बाळगू नये, असा नियम आला.

वर्म्सच्याच एका घराबद्दल थोडे अधिक लिहितो. रब्बी एलाझार यांची पत्नी डोल्चे लोकांचे पैसे गुंतवून, सावकारीचा व्यवहार सांभाळून नवऱ्याच्या आणि त्याच्या विद्यार्थ्यांच्या पोटापाण्याचे पाहत असे. धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या शिवायला लागणारा दोरा ती स्वतः वळत असे आणि अशा चाळीसेक गुंडाळ्या तिने शिवल्या होत्या. गावोगावच्या स्त्रियांना ती प्रार्थना शिकवत असे. 1196 च्या हिवाळ्याच्या तोंडाशी दोन हल्लेखोर घरात घुसले. त्यांनी डोल्चेला आणि तिच्या दोन मुलींना मारले. तेरा वर्षांची बेलेत आईकडून प्रार्थना शिकली होती आणि सहा वर्षांची हन्ना विणकाम करीत असे. हे सगळे आपल्याला कळते ते नवऱ्याने लिहिलेल्या विलापामुळे. मध्ययुगातल्या किती विद्वानांनी आपली बायको दिवसभर काय करते हे इतक्या बारकाईने पाहिले असेल, असा प्रश्न हा विलाप वाचताना मनात येतो. हल्लेखोरांपैकी एक पकडला गेला आणि त्याला देहदंड झाला. राज्याची सुरक्षा होती, हे इथेही नाकारता येत नाही. ती खून झाल्यानंतर पोहोचली, इतकेच.

डोल्चेच्या सावकारीचा उल्लेख आला आहे, तर त्याबद्दलही दोन शब्द. 1084 च्या सनदेतला ज्यू हा सर्व तऱ्हेचा व्यापारी होता. कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या श्रेणी, म्हणजे व्यवसायसंघ, ख्रिस्ती संतांच्या नावाने बांधल्या गेल्या, तसतसा त्याचा एकेक धंदा सुटत गेला. जमीन धरायची तर सरंजामी निष्ठेची ख्रिस्ती शपथ आड येई. दुसरीकडे 1179 च्या लॅटरन धर्मपरिषदेने उघड व्याज खाणाऱ्या ख्रिस्ती माणसाला चर्चबाहेर काढण्याची शिक्षा ठरवली. शहरे वाढत होती, कॅथीड्रले उभी राहत होती, सरदारांना मोहिमांसाठी रोकड हवी होती. जे काम करायला हवे होते पण करणाऱ्याचा तिरस्कारही करायचा होता, ते अशा रीतीने ज्यूंच्या गळ्यात पडले. त्यांच्या व्याजातला मोठा वाटा करांच्या रूपाने राजाच्या तिजोरीत जाई. कर्जदाराला मात्र दारात उभा दिसे तो ज्यू.

1235 च्या नाताळात जर्मनीतल्या फुल्डा गावी एका गिरणीवाल्याची पाच मुले, आईवडील चर्चमध्ये असताना, मेली आणि गिरणी जळाली. ज्यूंनी रक्तासाठी मुले मारली अशी आवई उठली आणि तीन दिवसांत चौतीस ज्यूंचा बळी गेला. ज्यू विधी म्हणून ख्रिस्ती मुले मारतात हा आरोप 1144 मध्ये इंग्लंडमधल्या नॉरिचला सापडलेल्या विल्यम नावाच्या मुलाच्या प्रेताभोवती पहिल्यांदा रचला गेला होता आणि एव्हाना युरोपभर फिरत होता. सम्राट दुसरा फ्रेडरिक हा चौकस माणूस. त्याने निरनिराळ्या राजांकडून ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झालेले विद्वान मागवले, कारण जुना धर्म त्यांना आतून ठाऊक होता आणि त्याची भीड त्यांना उरली नव्हती. त्यांनी सांगितले की ज्यूंना जनावराचे रक्तसुद्धा वर्ज्य आहे, मग माणसाचे कसे चालेल? 1236 मध्ये सम्राटाने ज्यूंना पूर्ण निर्दोष ठरवले.

त्याच दस्तऐवजात जर्मनीतल्या सर्व ज्यूंना त्याने आपल्या राजकोषाचे दास म्हटले आहे. आरोपातून सुटका आणि मालकीचा शिक्का एकाच कागदावर आले. कोषाची वस्तू मोडणाऱ्याला कोषाचे नुकसान भरून द्यावे लागते, हे त्यातले संरक्षण. वस्तू विकता येते, गहाण टाकता येते, बक्षीस देता येते, ही दुसरी बाजू. सम्राटांनी पुढे शहराशहरांतले ज्यू, म्हणजे त्यांच्याकडून येणारा कर, सरदारांकडे आणि बिशपांकडे सर्रास गहाण टाकले. 1241 च्या शाही करयादीत एकट्या स्ट्रासबुर्गच्या ज्यूंकडून 200 मार्क यायचे आहेत.

वस्तूने स्वतःच्या पायांनी निघून जायचे ठरवले तर काय होते, हे 1286 मध्ये दिसले. करांना आणि छळाला कंटाळून ऱ्हाइनकाठची अनेक कुटुंबे देश सोडू लागली होती. त्या काळचे सर्वांत मोठे रब्बी, रोथेनबुर्गचे माइर, तेही सहकुटुंब निघाले. लोम्बार्डीत एका धर्मांतरिताने त्यांना ओळखले आणि ते राजा रुडोल्फच्या ताब्यात गेले. राजाचे म्हणणे सरळ होते: हे माझ्या कोषाचे दास आहेत आणि मालकाच्या परवानगीवाचून ते पळून गेले. सोडून गेलेल्यांची घरेदारे त्याने जप्त करायला लावली. माइर यांना अल्सेसमधल्या किल्ल्यात डांबले आणि समाजाकडे मोठ्या खंडणीची मागणी केली. बंदिवानाला त्याच्या मोलापेक्षा अधिक किंमत देऊन सोडवू नये, असा जुना ज्यू नियम आहे. एकदा किंमत चढली की प्रत्येक सत्ताधारी एकेक रब्बी पकडत सुटेल, या विचाराने माइर यांनी स्वतःच्या सुटकेला नकार दिला, असे परंपरा सांगते. विद्यार्थ्यांचे प्रश्न किल्ल्यात पोहोचत होते आणि उत्तरे बाहेर येत होती. 1293 मध्ये ते कोठडीतच वारले. त्यानंतर त्यांचा देहही सोडला नाही. चौदा वर्षांनी, 1307 मध्ये, अलेक्झांडर विम्पफेन या गृहस्थाने पैसे भरून तो सोडवला, इतकीच अट घालून की मृत्यूनंतर मला त्यांच्या शेजारी जागा द्यावी.

वर्म्सच्या जुन्या दफनभूमीत ते दोन दगड शेजारी शेजारी उभे आहेत. तांबूस वालुकाश्म, झिजलेली हिब्रू अक्षरे, माथ्यावर भेट देणाऱ्यांनी ठेवलेले लहान खडे आणि खड्यांखाली दडपलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या. त्या भूमीतला वाचता येणारा सर्वांत जुना दगड अकराव्या शतकातला आहे. प्रेताचीही खंडणी वसूल करणाऱ्या राजाच्या चिकाटीचे मला जितके नवल वाटते, त्याहून अधिक नवल विम्पफेनच्या व्यवहाराचे वाटते.

1348 मध्ये प्लेग आला तेव्हा विहिरींत विष कालवल्याचे कबुलीजबाब सॅव्हॉयमध्ये हालहाल करून मिळवले गेले आणि त्यांच्या नकला शहराशहरांना पाठवल्या गेल्या. पोप सहावा क्लेमेंट याने त्याच वर्षी फर्मान काढून साधा मुद्दा मांडला: ज्यूही याच रोगाने मरत आहेत आणि जिथे एकही ज्यू राहत नाही तिथेही रोग पोहोचला आहे. युक्तिवाद बिनतोड होता आणि अविन्यो या पोपच्या मुलखाबाहेर तो फारसा कुणी ऐकला नाही. स्ट्रासबुर्गच्या नगरसभेने ज्यूंना राखायचे ठरवले, म्हणून कारागिरांच्या श्रेणींनी फेब्रुवारी 1349 मध्ये ती सभाच उलथून टाकली. 14 फेब्रुवारीला, शनिवारी, ज्यूंना त्यांच्याच दफनभूमीत लाकडी मचाणावर जाळण्यात आले. इतिवृत्त दोन हजारांचा आकडा देते. बाप्तिस्मा घेणारे वाचले. प्लेग त्या शहरात अजून पोहोचलाही नव्हता. कर्जखते आणि गहाण वस्तू कर्जदारांना परत गेल्या, रोकड कारागिरांत वाटली गेली. ज्यू गरीब असते आणि जमीनदार त्यांचे ऋणी नसते तर ते जाळले गेले नसते, असे स्ट्रासबुर्गच्याच एका ख्रिस्ती इतिवृत्तकाराने नंतर लिहून ठेवले आहे.

जमावाचे समजू शकते, म्हणजे त्याचे कारण तरी कळते. न्यूरेंबर्गला जे झाले ते मात्र थंड डोक्याने झाले. तिथल्या ज्यूंचा मालक आणि रक्षक सम्राटपदाच्या वाटेवर असलेला राजा चौथा चार्ल्स होता. जून 1349 मध्ये त्याने ब्रांडेनबुर्गच्या लुडविगला न्यूरेंबर्गमधली ज्यूंची सर्वांत चांगली तीन घरे लिहून दिली आणि ती केव्हा मिळतील तेही सांगितले: तिथले ज्यू पुढे मारले जातील तेव्हा. 16 नोव्हेंबरला त्याने शहराला ज्यूंची घरे पाडून तिथे बाजारचौक करण्याची आणि सिनेगॉगच्या जागी कुमारी मेरीचे चर्च बांधण्याची परवानगी दिली. त्या दिवशी घरांत माणसे राहत होती. 5 डिसेंबरला किमान 562 जणांना मारण्यात आले. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणावे, तर इथे कुंपणाने आधी वाटणीपत्रही करून ठेवले होते. चर्च आजही त्या चौकात आहे आणि दर नाताळात तिथे भरणारा बाजार पाहायला जगभरचे प्रवासी येतात.

त्यानंतर ज्यू तिथे परत का आले, असे विचारणे सोपे आहे. इंग्लंडने 1290 मध्येच त्यांना घालवले होते. फ्रान्सने 1306 मध्ये घालवून पुन्हा बोलावले आणि पुन्हा घालवले. पूर्वेकडे पोलंडची वाट मोकळी होती आणि पुष्कळ जण त्या वाटेने गेले, तिथेही एक सनद होतीच. काहींना इथल्याच भाषेची, नात्यांची आणि गिऱ्हाइकांची ओढ असेल. नगरसभेलाही कर्ज देणारे हवे होते. 1352 मध्ये न्यूरेंबर्गने ज्यूंना पुन्हा राहू दिले. जुन्या वस्तीच्या जागी बाजार झाला होता, म्हणून त्यांनी पूर्वेच्या बाजूला दुसऱ्या गल्लीत घरे केली. बारा वर्षांवरच्या आणि वीस सोन्याच्या नाण्यांची मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यूने संरक्षणापोटी सम्राटाला वर्षाला एक सोन्याचे नाणे द्यायचे, हा 1342 मध्ये बसवलेला कर पूर्वीप्रमाणेच चालू राहिला.